क्रायोनिक्सची बातमी लिहिताय? निदान या चुका तरी टाळा

दर काही महिन्यांनी डेस्कवर क्रायोनिक्सची, म्हणजे पुढे कधीतरी जिवंत करता येईल या आशेने मृतदेह अतिथंड करून जपून ठेवण्याची, एखादी बातमी येते आणि दर वेळी चुका त्याच, वारसाहक्काने मिळाल्यासारख्या. कंटाळा आलाय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

"जिवंत माणसाला गोठवलं" असं लिहू नका. कायद्याने मृत जाहीर झाल्याशिवाय क्रायोनिक्सवाले हात लावत नाहीत. आणि नीट जमलं तर ते गोठवणंही नसतं, बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फाटू नयेत म्हणून रक्ताच्या जागी रसायन सोडतात आणि मग देह थंड होत होत काचेसारखा घट्ट होतो. या संस्था मृतदेहाला 'पेशंट' म्हणतात, तो त्यांचा शब्द, तुम्ही अवतरणचिन्हं काढलीत की वाचकाला वाटतं आत कोणीतरी झोपलंय.

आता मायनसची गोष्ट, यात गुन्हेगार मीच. हे देह ज्यात ठेवतात त्या द्रव नायट्रोजनचं तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. मी घाईत '-१९६' लिहिलं आणि फॉन्ट कन्व्हर्ट करताना ती बारकी रेघ गळाली. प्रसिद्ध झालं "१९६ अंशांवर ठेवलेला देह". अहो, पाणी १०० ला उकळतं! दुसऱ्या दिवशी दुरुस्ती टाकली, ती कोणी वाचली नाही. पण मूळ कॉपी मात्र धडाधड उचलली गेली, वेबसाइटवर, फॉरवर्डमध्ये, सगळीकडे. काही महिन्यांनी एक नवा पोरगा बातमी घेऊन आला, त्यातही १९६. सोर्स विचारला तर म्हणतो, "सर, तीन ठिकाणी चेक केलंय." उघडून बघितलं तर तिन्ही माझ्याच कॉपीची पिल्लं, कारण मी 'पुनरुज्जीवन'चं 'पुर्नजीवन' करून ठेवलं होतं ते तिन्हीकडे जसंच्या तसं. तेव्हापासून मी 'उणे' अक्षरात लिहितो, आणि तीन ठिकाणी एकच माहिती दिसली की आधी शुद्धलेखनाच्या चुका जुळतात का ते बघतो.

कोर्टाच्या निकालाचं हेडिंग निकाल उघडल्याशिवाय देऊ नका. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या १४ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात "कोर्टाची क्रायोनिक्सला मान्यता" असं सर्रास चाललं. न्यायाधीशांनी उलट स्पष्ट केलं होतं की क्रायोनिक्स बरोबर की चूक हा प्रश्नच समोर नाही, आईवडिलांचं पटत नाहीये तर मृत्यूनंतर देहाचं काय करायचं ते कोणी ठरवायचं एवढाच वाद आहे. निर्णय आईकडे दिला, बस. निकाल नेटवर फुकट वाचायला होता, पण इंग्रजी बातमी ट्रान्सलेटरमध्ये टाकून दहा मिनिटांत कॉपी देणाऱ्यांना तेवढा दम कुठला.

वॉल्ट डिस्ने गोठवलेला नाही, डिसेंबर १९६६ मध्ये गेला आणि दोन दिवसांत दहन झालं. क्रायोनिक्सने जपून ठेवलेला पहिला माणूस जेम्स बेडफर्ड, जानेवारी १९६७.

क्रायोजेनिक्स वेगळं, ते अतिथंड तापमानाचं शास्त्र, रॉकेटच्या इंजिनातलं.

"लाइट गेली तर देहांचं काय?" हा पॅरा काढाच. देह ठेवतात त्या टाक्या म्हणजे मोठे थर्मास, त्यांना वीज लागत नाही, नायट्रोजन तेवढा अधूनमधून भरत राहावं लागतं.

आणि २०१६ मध्ये थंड करून जपल्याची बातमी झालेला तो सशाचा मेंदू. तो ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने आधीच पक्का करून टाकला होता, म्हणजे रचना टिकली पण जीव परत येण्याची सोयच नव्हती. तरी परवा एकाने "मेंदू पुन्हा जिवंत" असं हेडिंग आणलंच, आणि खाली 'पुर्नजीवन'.