एमजीए १५०० चे ड्रम ब्रेक खोलून नीट बसवायचे असतील तर

जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक लागत नाहीत म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला, नवीन शू टाक (शू म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबणारी कमानीसारखी पट्टी). माझं म्हणणं आधी ड्रम मापा, मग शूचं बघा. ड्रम गोल नसला आणि शूची गोलाई त्याला जुळत नसली तर कितीही महागडं लायनर (शूवरचा घासणारा थर) आणा, पेडल थरथरणार आणि गाडी एका बाजूला ओढणार.

मी इथं एमजीए १५०० ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार धरून लिहितोय, १९५५ पासूनची, चारी चाकांना १० इंची ड्रम (१९५९ च्या १६०० मॉडेलला पुढं डिस्क आले, त्यांचं काम वेगळं). हिच्या पुढच्या चाकात दोन व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबानं शू ढकलणारे) आणि दोन्ही शू लीडिंग, म्हणजे ड्रम फिरतानाच शूला स्वतःकडं ओढून घेतोय आणि ब्रेक घट्ट होतोय. पण हे फक्त पुढं जाताना, मागं घरंगळताना तेच ब्रेक कमजोर पडतात म्हणून चढावर थांबायचं तर हँडब्रेक पक्का पाहिजेच, आणि तो मागच्या चाकांवर असतो.

सुरुवात करताना गाडी सपाट जागी घ्या, चाकांना दगड लावा, जॅकवर भरवसा ठेवू नका, खाली स्टँड पाहिजेतच. एका वेळी एकच बाजू खोला, दुसरी तशीच राहू दे, स्प्रिंग कुठल्या भोकात होती ते बघायला तीच कामाला येते. फोटो काढा तरीपण. ड्रम निघत नसला तर आधी ॲडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर कमी-जास्त करणारा स्क्रू) सैल करा, ड्रमच्या कडेला आत खाच पडलेली असती त्यात शू अडकतात, हातोडा मारून कास्टिंगला चीर पाडू नका. आणि आतली धूळ एअरनं अजिबात उडवायची नाही, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुफ्फुसात जाऊन बसतंय. मास्क लावा, पाणी मारून ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

आत तेलाचा ओलावा असला तर तो कसला ते बघा. पाण्यानं धुऊन गेला तर ब्रेक ऑइल, चिकट राहिला तर मागच्या ॲक्सलचं ऑइल, मग आधी तिथलं सील बदला नाहीतर नवं लायनर चार दिवसांत भिजतंय. ऑइल प्यायलेलं लायनर पेट्रोलनं धुऊन किंवा जाळून परत वापरणारे आहेत, तसं करू नका बाबांनो, ते गरम झालं की ऑइल परत वर येतंय.

ड्रम घेऊन सरळ उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जा. आपल्या बेळगावात फौंड्री आणि लेथवाले एवढे आहेत की हे काम पुण्या-मुंबईला पाठवायची गरजच नाही. आतला व्यास चार-पाच ठिकाणी फिरवून मापायला सांगा, एकच माप घेऊन लंबगोल कळत नाही. साफ होईल एवढाच कट घ्यायचा. १० इंच म्हणजे २५४ मिमी, साधारण नियम असा की मूळ व्यासापेक्षा दीड मिमीच्या पुढं जाऊ नये, ड्रमवर मर्यादा कोरलेली असली तर तीच खरी. एका ॲक्सलचे दोन्ही ड्रम सारख्या मापाला आणा.

ड्रम कापला की त्याची गोलाई मोठी होती, म्हणून लायनर बसवणाऱ्याकडं शू एकटे देऊ नका, ड्रमसकट द्या. घरी आल्यावर ड्रमला आतून खडू फासा, शू हातानं घासून बघा. खडू लायनरच्या मधल्या भागाला लागला पाहिजे. फक्त दोन टोकांना लागत असला तर ब्रेक झटका देऊन धरणार, परत घासायला पाठवा, लाजायचं कारण नाही.

व्हील सिलिंडर हा आपल्याकडचा खरा दुखणेकरी, कारण साधं ब्रेक ऑइल हवेतली ओल पितंय आणि खानापूरकडं पावसाळाभर उभी राहिलेली गाडी म्हणजे सिलिंडर आतून गंजलाच समजा. हलका होन (बोअर म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक घासायचं हत्यार) फिरवा, नखाला खड्डा लागला तर नवीन सिलिंडर घ्या किंवा स्टेनलेसचा स्लीव्ह घालून मूळ बोअर परत आणा, बोअर वाढवून घेऊ नका, कप (आतली रबरी सील) मूळ मापाचेच मिळतात. कप, बूट (बाहेरची धूळ अडवणारी रबरं) सगळे नवे. रबराला साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं की फुगतंय, ब्रेकच्या रबराचं ग्रीस वेगळं मिळतंय तेच लावा. बॅकप्लेटवर (शू बसवलेली मागची थाळी) शू जिथं घासतात तिथं मात्र उष्णता सोसणारं ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढं.

जोडून झालं की पेडल दोन-चारदा दाबा, शू मध्यावर येतात. मग चाक जाम होईपर्यंत ॲडजस्टर फिरवा आणि मोकळं फिरेल एवढाच मागं घ्या, पुढच्या चाकाला दोन ॲडजस्टर आहेत, एक विसरू नका. हँडब्रेकची केबल यानंतरच.

लाइनमधली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) लांबच्या चाकापासून जवळ या, एकजण आत बसून पेडल मारणार, बाहेरचा सांगणार "दाब... धर... सोड". हिच्या टाकीतूनच क्लचला पण ऑइल जातंय, टाकी रिकामी होऊ देऊ नका. आणि ब्रेकची लाइन एकच आहे, एक जोड गळला तर चारी चाकं गेली, म्हणून पेडल जोरात दाबून धरा आणि प्रत्येक जोड कोरड्या कागदानं पुसून बघा.

आधी आवारात, मग मोकळ्या रस्त्यावर, ५० च्या स्पीडवरून हलके ब्रेक मारत लायनर बसू द्या, मध्ये थंड होऊ द्या. तवंदी घाट किंवा चोर्ला लगेच नको. ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातोय, पेडल खाली जातंय, त्यामुळं उतरताना खालचा गिअर ठेवा. परत आल्यावर हात चारी ड्रमजवळ न टेकवता धरा, एकच जास्त तापलेला असला तर तिथला ॲडजस्टर थोडा सैल करा, मागचा असला तर आधी केबल तपासा.