घोट्याचा सांधा बदलल्यावर पेशंट किती सुधारला हे मोजताना या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते, कारण ही एकदा झाली की नंतर दुरुस्तच होत नाही. ऑपरेशनच्या आधी मोजायचंच राहून जातं. मी सोलापुरात फिजिओ आहे, एका ठिकाणी काम करताना फॉलोअपचे फॉर्म अगदी नीट फाइलला लावलेले सापडले पण ऑपरेशनआधीचा एकही आकडा नाही. आता वर्षाने त्रासाचा स्कोअर ३५ आला (यात १०० म्हणजे सगळ्यात वाईट), तो चांगला म्हणायचा का वाईट? ८० वरून आला असेल तर माणसाचं चालणं फिरणं परत आलंय, ४० वरून आला असेल तर फारसं काही झालेलंच नाही. नंतर विचारून उपयोग नाही, आज कसं वाटतंय त्यावरच आधीचं दुखणं आठवतं. घोटा बदलणं बरं की सांधा जोडून टाकणं, हे तपासणाऱ्या ब्रिटनच्या टार्वा ट्रायलमध्येसुद्धा ऑपरेशनआधीपासून ५२ आठवड्यांपर्यंत किती फरक पडला तेच मुख्य माप होतं. म्हणून सर्जरीची तारीख ठरते त्याच ओपीडीत फॉर्म भरून घ्या, ऍडमिशनच्या दिवशी नको, तेव्हा पेशंट घाबरलेला असतो.

दुसरी गडबड स्कोअरच्या दिशेची. पाय-घोट्याच्या त्रासासाठी पेशंटने स्वतः भरायच्या मँचेस्टर-ऑक्सफर्ड फॉर्ममध्ये १६ प्रश्न, चालणं-उभं राहणं ७, दुखणं ५, चारचौघात वावरणं ४, आणि प्रत्येक भागात १०० म्हणजे सगळ्यात वाईट. एओएफएएस या अमेरिकन घोट्याच्या स्कोअरमध्ये उलट, १०० म्हणजे एकदम छान. दोन्ही एकाच एक्सेलमध्ये टाकले की सुधारलेला पेशंट बिघडलेला दिसतो. कॉलमच्या डोक्यावरच लिहून ठेवा, जास्त म्हणजे वाईट का चांगलं.

आता विचारतं कोण, हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. सर्जन समोर बसले की आपला पेशंट म्हणतो "बरं हाय की ओ डॉक्टर", आणि तोच बाहेर येऊन मला सांगतो, "ताई, रात्री लई ठणकतंय ओ." खोटं बोलत नाही तो, डॉक्टरांचा मान राखतो. एओएफएएसमध्ये दुखण्याला ४०, कामाला ५०, पायाच्या ठेवणीला १० मार्क असतात, त्यातला काही भाग डॉक्टरच भरतात, म्हणून नुसत्या त्याच्यावर अवलंबून राहू नका. फॉर्म पेशंटनेच भरावा, वाचता येत नसेल तर ऑपरेशन टीमबाहेरच्या माणसाने वाचून दाखवावा, आणि आईच्या ऐवजी मुलगा उत्तरं देत असेल तर त्याला प्रेमाने बाहेर बसवा.

भाषेचंही तसंच आहे, पूर्व भागातल्या आजी तेलुगूत बोलतात, अक्कलकोटकडचे काका कन्नडमध्ये, आणि दर वेळी जो हाताशी असेल तो जागच्या जागी भाषांतर करतो, मग कळ, चमक, ठणका सगळंच "दुखतंय" होऊन जातं. प्रश्न एकदाच नीट भाषांतर करून लिहून काढा आणि दर वेळी तेच शब्द वाचा. आणि घरी केलेल्या भाषांतराला प्रमाणित म्हणू नका.

घोटा किती हलतो हे नुसत्या गोनिओमीटरवर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) ठरवू नका, त्यात पावलाच्या मधल्या सांध्यांची हालचालही मिसळते. वजन देऊन उभं करून, पाय वर आणि खाली वाकवून, बाजूने एक्स-रे काढला की खरा सांधा किती हलतो ते दिसतं.

वेळ पण सगळ्यांना सारखी ठेवा: ३ महिने, ६ महिने, १ वर्ष, मग दरवर्षी. ६ आठवड्यांना सूज असते, आधाराचा बूट नुकता निघालेला असतो किंवा अजून पायातच असतो, त्यावरून निकाल लावू नका. मँचेस्टर-ऑक्सफर्ड फॉर्म मागच्या ४ आठवड्यांचं विचारतो, त्यामुळे आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत दिवसदिवस उभं राहून आलेल्याचं उत्तर वेगळं येणारच, तशी नोंद बाजूला करा.

खाली मांडी घालून विडी वळता येते का, देशी संडासला बसता येतं का, हे त्या १६ प्रश्नांत नाहीये, आणि आपल्याकडच्या बायका पहिलं तेच विचारतात. जरूर विचारा, पण वेगळ्या कागदावर, मूळ स्कोअरमध्ये मिसळू नका.

आणि जे येतच नाहीत त्यांना "बरे झाले" धरू नका. बार्शी, मंगळवेढ्याहून येणं म्हणजे एक रोज बुडतो, कोणी पुण्याला जाऊन परत ऑपरेशन करूनही आलेला असतो. फोन करा, दोन नंबर आधीच घेऊन ठेवा, दुसरं ऑपरेशन झालं का ते वेगळं लिहा, आणि रिझल्ट सांगताना एकूण कितीपैकी किती जणांचा आहे तो आकडा शेजारीच ठेवा.