पुण्याला क्रिस्टल न्यायच्या आधी

क्रिस्टलवरून रेणूची रचना उलगडणाऱ्या पुण्यातल्या एक्स-रे मशीनची तारीख मिळाली म्हणून लगेच नाचू नकोस, आधी वायल बघ, म्हणजे क्रिस्टल वाढवायची काचेची कुपी. जळगावच्या मे महिन्यात अ‍ॅसिटोनमध्ये क्रिस्टल लावणं म्हणजे तापल्या तव्यावर पाणी शिंपडणं: उत्कलनबिंदू 56 अंश, बाहेर पारा 44 ला. सॉल्व्हंट भुर्रकन उडतं, तळाशी पूड उरते. इथेनॉल घे, नाहीतर इथाइल अ‍ॅसिटेट. तोंडाला फॉइल, सुईने दोनच भोकं, आणि एसीच्या खोलीतला कोपरा. रोज उचलून बघायचं नाही. खडीसाखरेचा दोरा कोणी तासातासाला हलवतं का?

टीएलसीवर (पातळ थरावर पदार्थ वेगळे करून शुद्धता बघायची चाचणी) एकच ठिपका आणि वितळणांक जुळलेला, हे तर आधीच झालेलं असू दे.

क्रिस्टल आले की सगळ्यात मोठा निवडू नकोस, देखणा निवड, 0.1 ते 0.3 मिलिमीटर पुरे. पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली स्टेज फिरव. चांगला क्रिस्टल दर 90 अंशांनी अख्खाच्या अख्खा काळा होतो. अर्धा काळा, अर्धा उजळ दिसला तर ते जुळं आहे, बाजूला ठेव. आणि टिपकागदावर मुळीच वाळवू नकोस. माझे पहिले क्रिस्टल मी हौसेने वाळवले होते. आतलं सॉल्व्हंट निघून गेलं आणि हिऱ्याचे खडू झाले. ज्या द्रावणात वाढले त्यातच राहू देत. त्यातून काढून तेलाच्या थेंबात घ्यायचे ते तिथे, मशीनशेजारी. मोजणी बहुधा 100 केल्विनला, नायट्रोजनच्या थंड झोतात होईल.

सोबत मूळ बॅचची चिमूटभर पूडही ने. क्रिस्टल एकच दाणा असतो, औषधाची गोळी मात्र पुडीची होते. पॅरासिटामॉलचंच बघ: पहिलं रूप मोनोक्लिनिक, स्थिर, पण नुसतं दाबून त्याची गोळी नीट बसत नाही, दुसरं ऑर्थोऱ्हॉम्बिक, ते छान दाबलं जातं. रेणू तोच, रचना वेगळी. म्हणून क्रिस्टलच्या रचनेवरून गणिताने काढलेला पावडर पॅटर्न (पूड एक्स-रे कशी विखुरते त्याचा आलेख) खऱ्या पुडीच्या पॅटर्नवर ठेवून बघायचाच.

कागदावर रेणूसूत्र, रेणूची आकृती, वापरलेली सगळी सॉल्व्हंट्स लिही. रेणू कायरल (डाव्या-उजव्या हातासारखी दोन रूपं असणारा) असून त्यात क्लोरीन-गंधकासारखा जड अणू नसेल, तर एक्स-रेसाठी मोलिब्डेनमचा स्रोत नको, तांब्याचा माग. हे तारीख पक्की करतानाच बोलून घे.

रेल्वेत ज्वलनशील द्रव नेता येत नाही, तेव्हा गाडीच करावी लागेल. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना थर्माकोलचा डबा डिकीत नको, मांडीवर घे.