बायबलमधलं नाव दगडावर सापडलं, तर आधी काय विचाराल?

पहिला प्रश्न: वस्तू कुठे सापडली? उत्खननात, की बाजारात? मी तरी वाचन इथेच सुरू करते. २००२ मध्ये जगासमोर आलेली ‘येशूचा भाऊ याकोब’ असा लेख असलेली अस्थिपेटी पुराणवस्तूंच्या बाजारातून आली होती. तिच्या लेखाच्या खरेपणावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही, म्हणून पुरावा म्हणून मी ती धरत नाही.

मग लिहिणारा कोण ते पाहा. शत्रूची साक्ष मला सर्वात मोलाची वाटते, कारण त्याला बायबलमधल्या राजाचं कौतुक करायचं नसतं. उत्तर इस्राएलमधल्या तेल दान इथे १९९३ मध्ये मिळालेला अरामी शिलालेख घ्या. इ.स.पू. नवव्या शतकातला एक अरामी राजा त्यात आपले विजय सांगतो आणि ‘दावीदाचं घराणं’ म्हणतो; दावीद म्हणजे बायबलमधला इस्राएलचा प्रसिद्ध राजा. ते शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता! पण नीट वाचा: पुरावा घराण्याचा आहे. बायबलमधल्या गल्याथ या धिप्पाड योद्ध्याशी दावीदाच्या झालेल्या लढाईबद्दल तो काहीच सांगत नाही.

नुसतं नाव पुरत नाही. वडिलांचं नाव आणि पदही जुळायला हवं. यरुशलेमच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या मुद्रेवर ‘आहाजाचा पुत्र हिज्कीया, यहूदाचा राजा’ असं तिन्ही आहे. इस्राएलच्या किनाऱ्यावरच्या कैसरियात १९६१ मध्ये मिळालेल्या दगडावर, येशूला क्रुसाची शिक्षा देणारा रोमन अधिकारी पिलात याच्या नावासोबत त्याचं पदही कोरलेलं आहे.

अब्राहाम, मोशे यांच्यासाठी असा समकालीन लेख मिळालेला नाही. त्यावरून ते नव्हतेच, असंही ठरवू नका.