कारवान जातीच्या कुत्रीला नर निवडताना या चुका टाळा

"मादी माजावर आलीय, उद्यापर्यंत एखादा नर सांगा." असा फोन आला की माझं डोकं फिरतं. नर एका रात्रीत मिळत नसतो. मागच्या माजापासूनच शोधाला लागायचं. घाई असेल तर हा माज सरळ सोडा, साधारण सहा-सात महिन्यांनी पुढचा येतोच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शर्यत मारणाऱ्या नरामागे सगळ्यांनी लागणं. आमच्या भागात असाच एक नर होता. आसपासच्या गावांनी आपापल्या माद्या त्यालाच लावल्या. काही वर्षांत बघावी ती चांगली मादी त्याचीच लेक. एकाने त्यातलीच एक परत त्याला नेऊन लावली. पिल्लू घेताना बाप कोण, हे त्याने विचारलंच नव्हतं. चार पिल्लं झाली, दोन आठवड्याभरात गेली. उरलेल्या दोन्ही नरांपैकी एकाचा एक अंडकोष खाली उतरलाच नाही. तरी "बापासारखा पळेल" म्हणून तो विकला गेला, याचा मला अजून राग येतो.

काही दोष एकाच बाजूने आले तर दिसत नाहीत, म्हणून बाप धडधाकट पळतो. लेकीतही तोच दोष उतरलेला असला, की पिल्लाला तो दोन्हीकडून मिळू शकतो आणि उघडा पडतो.

मी वहीत तीन पिढ्या लिहून ठेवतो. मेलेली पिल्लंसुद्धा, कशाने गेली त्यासकट. नर बघायला गेलो की आधी त्याची भावंडं कुठे आहेत ते विचारतो. परका माणूस फाटकात आल्यावर जो खाटेखाली शिरतो किंवा अंगावर येतो, तो नर कितीही देखणा असला तरी मला नको.

ग्रेहाउंड या परदेशी जातीचं रक्त घालून 'शुद्ध कारवान' म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

एकच अंडकोष खाली उतरलेला नर कधीच नको.

पहिल्या माजाला मादी लावू नका. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरला 18 महिन्यांआधी आणि आठ वर्षांनंतर मादी लावता येत नाही. लागोपाठच्या माजांना नाही, आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत.

ब्रुसेलाची रक्ततपासणी दोघांचीही करा. या रोगाने दिवस भरत आलेली मादी गाभडते, शिवाय तो माणसालाही होतो. नराचा मालक तपासणीला नको म्हणाला, तर मी मादी गाडीतून उतरवतच नाही.