नर्सिंगची पदवी सरकारी की खासगी: फॉर्म भरण्याआधीची तयारी

प्रवेशाचे दिवस आले की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "मॅडम, सरकारी बरं की खासगी?" विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. मी आधी विचारते, वॉर्ड बघितलात का? बहुतेकांनी इमारत बघितलेली असते, वसतिगृह बघितलेलं असतं, फीचा कागद तर तोंडपाठ असतो. वॉर्ड मात्र कुणीच बघितलेला नसतो.

भारतात नर्सिंगची पदवी सुरू झाली १९४६ साली, आणि तीही एकाच वर्षी दोन ठिकाणी: दिल्लीत सरकारी कॉलेजात आणि वेल्लोरला मिशनच्या खासगी कॉलेजात. दोन्हीकडून नावाजलेल्या नर्स तयार झाल्या. त्यामुळे नुसत्या पाटीवरून मी कुणाला सल्ला देत नाही. एक साधी वही घ्या, प्रत्येक कॉलेजला दोन पानं द्या, आणि पुढे सांगते त्या क्रमाने ती भरत जा. क्रम महत्त्वाचा आहे. फी पहिल्या ओळीत लिहिली की बाकीची उत्तरं आपोआप तिच्याकडे झुकायला लागतात.

पहिल्या ओळीत मान्यता. यात तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या: पदवी कोणत्या विद्यापीठाची, अभ्यासक्रमाला परिचर्या परिषदेची (नर्सिंग कौन्सिलची) मान्यता आहे का, आणि ती किती जागांना व कोणत्या वर्षापर्यंत आहे. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. मान्यता ५० जागांना आणि वर्गात ८० मुलं, असं झालं तर वरच्या ३० जणांची नर्स म्हणून नोंदणी अडकू शकते. माहितीपत्रकात छापलेला प्रमाणपत्राचा फोटो हा पुरावा नव्हे. परिषदेने स्वतः प्रसिद्ध केलेल्या यादीत कॉलेजचं नाव शोधा आणि त्या पानाची तारखेसह प्रत काढून वहीत लावा. "मान्यता प्रक्रियेत आहे" याचा अर्थ आज मान्यता नाही. सरकारी कॉलेजलाही ही ओळ माफ नाही, विशेषतः तिथे नवी तुकडी सुरू होत असेल किंवा जागा नुकत्याच वाढवलेल्या असतील तर.

ही तपासणी कुणाला अती वाटत असेल तर अमेरिकेतलं प्रकरण आठवा. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या तपास यंत्रणांनी जाहीर केलं की फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांच्या नावाने ७,६००हून जास्त बनावट पदविका आणि गुणपत्रिका विकल्या गेल्या होत्या. शाळा कागदोपत्री खऱ्या, शिक्षण खोटं. अशा कागदावर नोंदणी परीक्षेला बसून पास झालेलेही होते, म्हणजे परीक्षेची चाळणीही पुरी पडली नाही.

खासगी कॉलेजच्या पानावर आणखी एक ओळ: मालक कोण? धर्मादाय संस्था, मिशन, स्वतःचं मोठं हॉस्पिटल चालवणारा ट्रस्ट आणि निव्वळ नफ्यासाठी काढलेली कंपनी या सगळ्यांना आपण एकच "खासगी" शब्द वापरतो. त्यांच्यातला फरक कधीकधी सरकारी-खासगी फरकापेक्षा मोठा असतो.

आता वॉर्ड. वहीतली दीड पानं यासाठी ठेवा.

मी विद्यार्थिनी असतानाची पहिली मेडिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातली शिकाऊ पाळी, मला आठवते. आम्ही चौदा जणी, बीपीचं यंत्र एक, आणि कोपऱ्यातल्या खाटेवरचे एक आजोबा, ज्यांनी सकाळी चुकून "घ्या पोरींनो" म्हटलं होतं. सहावीचा नंबर येईपर्यंत त्यांच्या दंडावर यंत्राच्या पट्ट्याचे वळ उठले होते. माझा नंबर नववा. त्यांनी हात पांघरुणात घेतला आणि म्हणाले, "आता दुसऱ्या कुणाचा बघा." त्या दिवशी माझ्या लॉगबुकात "बीपी मोजले" यापुढे सही झाली. मी मोजलेलं नव्हतं. नीट मोजायला शिकले त्यानंतर दीड महिन्याने, नाइट ड्युटीला, एका स्टाफ सिस्टरकडून. तिने माझ्या कानातलं स्टेथोस्कोप काढून उलटं करून दाखवलं; मी दीड महिना ते मागच्या बाजूला वळवून घालत होते आणि आवाज का येत नाही म्हणून स्वतःच्या कानांना दोष देत होते.

म्हणून विचारायचा प्रश्न "हॉस्पिटल किती खाटांचं?" एवढ्यावर थांबत नाही. एका वेळी एका वॉर्डात किती विद्यार्थी असतात, त्यांच्याबरोबर कॉलेजचा शिक्षक पूर्ण वेळ उभा असतो की हजेरी घेऊन जातो, त्याच खाटांवर आणखी किती कॉलेजांची मुलं येतात, हे विचारा. तीन कॉलेजांनी वाटून घेतलेल्या ३०० खाटांपेक्षा एकट्याच्या १५० खाटा बऱ्या. आणि खाटा मोजून पुरत नाही, त्यावर पेशंट किती असतात ते बघावं लागतं. चकचकीत नव्या इमारतीत निम्म्या गाद्यांवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नसतं.

तासांचा हिशेब मागा, तोही लेखी. युरोपीय संघाच्या २००५ च्या निर्देशानुसार सर्वसाधारण नर्सच्या शिक्षणाला किमान तीन वर्षं आणि किमान ४,६०० तास लागतात, आणि त्यातले निदान निम्मे प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या प्रशिक्षणाचे असावे लागतात. म्हणजे २,३०० तास. आठ तासांची ड्युटी धरली तर जवळपास २८८ ड्युट्या. तुम्ही कुठेही शिकणार असा, हा आकडा मोजपट्टी म्हणून हाताशी ठेवा. पुढे परदेशात नोंदणी करायची झाली तर विभागवार तासांचा उतारा मागितला जातो, आणि तो देण्याची नीट पद्धत कॉलेजात आहे का हे आजच कळलेलं बरं. जुन्या विद्यार्थ्यांना विचारा, उतारा हातात पडायला किती आठवडे लागले. या बाबतीत सरकारी कार्यालयं आणि खासगी कार्यालयं दोन्हीकडे हेलपाटे घालणारे मला भेटलेत. फरक एवढाच की एकीकडे बाबू जागेवर नसतो आणि दुसरीकडे थकबाकी निघते.

सगळे तास वॉर्डातच हवेत असं नाही. सिम्युलेशन लॅब, म्हणजे पुतळ्यांवर आणि रचलेल्या प्रसंगांवरचा सराव, चांगलाच उपयोगी आहे. अमेरिकेतल्या राज्य परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये दहा कॉलेजांतल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नीट आखलेल्या सिम्युलेशनने निम्मे क्लिनिकल (प्रत्यक्ष रुग्णसेवेचे) तास भरून काढले तरी विद्यार्थी मागे पडले नाहीत, असं त्यात दिसलं. पण "नीट आखलेल्या" हे शब्द अधोरेखित करून वाचा. प्रशिक्षित शिक्षक, प्रसंगानंतरची सविस्तर चर्चा, पुरेशी साधनं, हे सगळं त्यात होतं. भेटीच्या दिवशी दाखवायला उघडलेली आणि पुतळ्याच्या बोटांवर धूळ बसलेली लॅब त्यात बसत नाही. बोटांवरची धूळ खरंच बघा, मी बघते.

सरकारी वॉर्डात पेशंट भरपूर आणि आजार तऱ्हेतऱ्हेचे. हाताला सवय लवकर लागते. पण तिथे स्टाफ अपुरा असेल तर विद्यार्थी म्हणजे फुकटचा जादा हात होतो: नमुने पोचवा, स्ट्रेचर ढकला, नोंदी उतरवून काढा. काम भरपूर होतं, शिकणं त्यात असतंच असं नाही. खासगी हॉस्पिटलात यंत्रं नवी, नोंदी संगणकावर, औषधं देण्याची शिस्त कडक. मात्र पैसे मोजून आलेला पेशंट "विद्यार्थी नको" म्हणतो आणि तुम्ही तीन महिने भिंतीला टेकून बघत राहता. दोन्हीकडे एकच प्रश्न टाका: दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने काय काय करू देतात, आणि त्या वेळी शेजारी कोण असतं? उत्तरात प्रोसिजरची नावं आली तर ठीक. "सगळं करू देतात" हे उत्तर मात्र मी उत्तर धरत नाही.

मानसोपचार, बालरोग, प्रसूती आणि सामुदायिक आरोग्य या चार पोस्टिंग कुठे होतात हे वेगळं लिहा. मुख्य हॉस्पिटलात हे विभाग पुरेसे नसले की कॉलेज दुसऱ्या संस्थेशी करार करतं. करार चालू आहे का, जाण्यायेण्याची सोय कुणाची, राहण्याचा खर्च कुणाचा, हे विचारा. तिसऱ्या वर्षी पहाटे दोन गाड्या बदलून पोस्टिंगला पोचणाऱ्या मुली मी बघितल्यात. फीच्या कागदावर त्या प्रवासाचा उल्लेख नव्हता.

शिक्षकांबद्दल थोडकंच. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष एका शिक्षकामागे १० विद्यार्थ्यांचा आहे. कॉलेजच्या यादीतली नावं मोजा, मग विद्यार्थ्यांना विचारा की यातले किती जण खरंच शिकवायला येतात. सरकारीत पदं रिकामी राहतात आणि खासगीत माणसं टिकत नाहीत. एका वर्षात तीन शिक्षक बदललेला विषय कोणता, हे विद्यार्थी न विचारताही सांगतात.

निकालाच्या आकड्याशी जरा भांडावं लागतं. "आमचा निकाल ९५ टक्के" असं कुणी म्हटलं की तीन संख्या मागा: प्रवेश किती जणांनी घेतला, वेळेत शेवटच्या परीक्षेला किती बसले, पहिल्याच प्रयत्नात किती पास झाले. समजा ६० जण आत आले, ४० परीक्षेला बसले आणि ३८ पास झाले. निकाल ९५ टक्केच झाला, खोटं काही नाही. पण आत आलेल्या ६० पैकी वेळेत बाहेर पडले ३८, म्हणजे ६३ टक्के. उरलेले २२ कुठे गेले? काही कॉलेजं कच्च्या मुलांना परीक्षेला बसूच देत नाहीत, काही ठिकाणी मुलं फी न परवडल्याने सोडतात, काही ठिकाणी एका विषयासाठी वर्ष जातं. यात सरकारी-खासगी असा सरळ नियम मला दिसलेला नाही. जिथे पदवीनंतर वेगळी नोंदणी परीक्षा असते, तिथे पहिल्या प्रयत्नाचा कॉलेजवार निकाल शोधा. अमेरिकेत एनक्लेक्स या नोंदणी परीक्षेचा असा निकाल अनेक राज्यांची मंडळं स्वतः प्रसिद्ध करतात.

आता फी लिहायला हरकत नाही. वर्षाची नको, पदवी हातात पडेपर्यंतची लिहा. शिकवणी फीखाली गणवेश, लॅब, परीक्षा, विमा, वसतिगृह, पोस्टिंगचा प्रवास, अनामत, आणि दरवर्षी फी वाढवण्याचा अधिकार कॉलेजला किती आहे ते कलम. कर्ज काढणार असाल तर व्याज कोणत्या दिवसापासून लागतं तेही. सरकारीच्या पानावरही एक खर्च लिहायचा असतो, तो म्हणजे थांबण्याचा. यंदा नंबर लागला नाही म्हणून एक वर्ष घरी बसलात तर तुमच्या कमाईचं एक वर्ष मागे गेलं.

माझं मत विचाराल तर: मान्यता पक्की आणि वॉर्ड उन्नीस-बीस असतील तर सरकारी घ्या, कारण कर्ज कमी. डोक्यावर हप्ता असलेली नवी नर्स जादा ड्युट्या उचलते, आणि थकलेल्या माणसाच्या हातून औषधाची चूक व्हायला वेळ लागत नाही. स्वतःचं भरलेलं हॉस्पिटल असलेलं खासगी कॉलेज मात्र अपुऱ्या शिक्षकांच्या सरकारी कॉलेजपेक्षा मी वर ठेवीन, घरचा हिशेब बसत असेल तर. सरकारी जागेसाठी एक वर्ष थांबणं समजू शकते. दुसरं वर्ष थांबू नका.

सही करण्याआधी बाँड वाचा. काही कॉलेजं पदवीनंतर ठरावीक काळ त्यांच्याच हॉस्पिटलात काम करण्याची अट घालतात. ती वाईटच असते असं नाही, पगार आणि मोडल्यास भरायची रक्कम लिहिलेली असेल तर ती सरळ नोकरीच आहे. रक्कम कोरी सोडलेली असेल तर उठा. मूळ प्रमाणपत्रं पडताळणीला दाखवायची आणि परत आणायची. ठेवून घेणार असतील तर पोचपावती, ती कधी परत मिळतील त्या तारखेसकट. मध्येच कॉलेज सोडावं लागलं तर फी किती परत मिळते आणि झालेले विषय दुसरीकडे धरले जातात का, हे याच वेळी विचारून घ्या, कारण नंतर तुमचा फोन कुणी उचलत नाही.

भेटीला जायचं तर सकाळी ड्युटी बदलण्याच्या वेळी जा. परवानगी काढून कॉरिडॉरमध्ये अर्धा तास उभं राहायचं. रात्रीची सिस्टर पेशंटची माहिती देत असताना विद्यार्थी खाटेजवळ असतात की बाहेर मोबाइलवर, कुणी त्यांना नावाने हाक मारतं का, चुकलेल्याला चारचौघांत ओरडतात की बाजूला घेऊन सांगतात. मग तिसऱ्या वर्षाच्या दोघी-तिघींना चहाच्या टपरीवर गाठा. कार्यालयाने नेमून दिलेल्या "मार्गदर्शक" विद्यार्थिनीला नव्हे.

आणि हे सगळं ठरत असताना एक काम आजच उरका. हेपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर पहिला डोस घेऊन टाका. दुसरा डोस महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी, आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून लस लागू पडली का ते बघतात. म्हणजे पूर्ण व्हायला सात-आठ महिने. पोस्टिंगला पहिली सुई हातात येते तेव्हा ते झालेलं असावं. लहानपणी डोस झाले असतील तर ते कार्ड शोधून काढा आणि फायलीत ठेवा. कॉलेज ठरायची वाट बघू नका, कार्ड दोन्हीकडे मागतात.