रेंजर बनवताय? आधी पाण्याचा हिशेब मांडा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या खेळातल्या माझ्या पहिल्या रेंजरचं, म्हणजे रानात वावरणाऱ्या लढवय्याचं, शीट (कॅरेक्टरच्या नोंदींचा कागद) मी अजून जपून ठेवलंय. हल्ल्याचे आकडे लिहायचा चौकोन गच्च भरलेला आहे. डेक्स्टेरिटी (चपळाई) १६, धनुष्यावर +७, नेम वाढवणारी आर्चरी स्टाइल, शार्पशूटर हे खास कसब (फीट), शिकारीवर खूण करणारा हंटर्स मार्क मंत्र. डावीकडे कौशल्यांची यादी आहे, आणि तिथे सर्व्हायव्हलपुढचा, म्हणजे रानात तग धरायच्या कौशल्यापुढचा गोल कोरा आहे, ते मी शिकलोच नव्हतो. त्या कोऱ्या गोलापायी माझ्या मावसबहिणीचं पहिलं कॅरेक्टर गेलं. नव्याने खेळायला बसणाऱ्या कुणाच्या बाबतीत तसं होऊ नये, म्हणून लिहितोय.

फासे कसे टाकायचे, प्रोफिशियन्सी म्हणजे काय, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ च्या पुस्तकातले नियम मी सांगतोय, कारण आमच्या टेबलावर तेच चालतात.

आम्ही शनिवारी रात्री नागपुरात प्रतापनगरला एका मित्राच्या घरी जमतो. ती मे महिन्यातली रात्र होती. कूलरच्या खसच्या ताट्यांवर नुकतंच पाणी टाकलं होतं आणि फासे दूर उडू नयेत म्हणून आम्ही स्टीलच्या ताटात टाकत होतो. चार जण होतो : फायटर (लढवय्या), सॉर्सरर (जादूगार), बहिणीची 'रोग' (Rogue, चोरपावलांची) आणि माझा रेंजर. क्लेरिक (देवाचा पुजारी) नाही, ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) नाही. लेव्हल दोन. पलीकडच्या खोऱ्यात वेळेत पोचायचं होतं आणि मधे ऐंशी मैलांचं खडकाळ, उघडं पठार. मी ऐटीत सांगितलं, वेगाने जाऊ. वेगाने म्हणजे दिवसाला ३० मैल, नेहमीच्या चालीने २४, हळू गेलं तर १८. तीन दिवसांत पार होऊ.

डीएम, म्हणजे खेळ चालवणाऱ्या दादाने विचारलं, "पाणी किती आहे?"

"प्रत्येकाकडे एक वॉटरस्किन आहे की," मी म्हणालो.

दादा काहीच बोलला नाही, नुसतं वहीत लिहून घेतलं.

आता हे नीट वाचा, दोनदा वाचा, कारण मी एकदाही वाचलं नव्हतं. एक्सप्लोरर्स पॅक (प्रवासाच्या सामानाचा तयार संच) घेतला की त्यात दहा दिवसांचं रेशन येतं. त्यामुळे आपल्याला वाटतं, दहा दिवसांची सोय झाली. पण त्याच पॅकमध्ये वॉटरस्किन, म्हणजे पाण्याची पिशवी, एकच असते आणि तिच्यात मावतं अर्धा गॅलन, म्हणजे दोन लिटरला थोडं कमी. माणसाला दिवसाला लागतं एक गॅलन. उन्हाळी हवा असेल तर दोन. म्हणजे जेवण दहा दिवसांचं आणि पाणी, तापलेल्या पठारावर, पाव दिवसाचं. शीटवर दोन्ही एकाखाली एक, सारख्याच अक्षरात लिहिलेलं असतं, त्यामुळे डोळ्यांना फरक कळत नाही.

पुढे शिक्षा कशी वाढत जाते ते बघा. गरजेच्या निम्मं पाणी मिळालं तर कॉन्स्टिट्यूशनचा (शरीराच्या दमाचा) १५ चा सेव्ह, म्हणजे संकट टाळायचा फासा, मारून वाचता येतं. निम्म्याहूनही कमी मिळालं तर सेव्हच नाही, दिवसाअखेर थकव्याची, म्हणजे एक्झॉशनची एक पायरी सरळ अंगावर. आणि आधीची एक पायरी अंगावर असताना दुसऱ्या दिवशीही पाणी नसेल, तर एकाऐवजी दोन पायऱ्या चढतात. मला वाटलं होतं एक, दोन, तीन असं होत जाईल, तोवर पठार संपेल. झालं असं की पहिल्या रात्री एक आणि दुसऱ्या रात्री थेट तीन.

पहिल्या पायरीला सगळ्या अ‍ॅबिलिटी चेकवर डिसअ‍ॅडव्हांटेज येतो. चेक म्हणजे एखादं काम जमतं का ते बघायला टाकलेला फासा, आणि डिसअ‍ॅडव्हांटेज म्हणजे दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा. पाणी शोधायचा चेकसुद्धा त्यात आला. दादाने तिथे जमायला किमान १५ लावले होते. माझं विस्डम (जाण) १०, सर्व्हायव्हल नाही, म्हणजे +०. धडधाकट असताना शंभरात तीस वेळा जमलं असतं, थकल्यावर शंभरात नऊ वेळा. आणि पहिल्या दिवशी तर मी चेक मागितलाच नव्हता, कारण वेगाने चालताना वाटेत पाणी-अन्न गोळा करता येत नाही. फेव्हर्ड टेरेन, म्हणजे रेंजरचा सरावाचा प्रदेश, म्हणून मी जंगल घेतलं होतं, ते पठारावर शून्य कामाचं. दुसऱ्या पायरीला चाल निम्मी होते. तिसरीला हल्ला आणि सेव्ह, दोन्हींवर डिसअ‍ॅडव्हांटेज.

तिसऱ्या दिवशी सकाळी नॉल, म्हणजे तरसाच्या तोंडाचे राक्षस, आले.

नॉलचा आर्मर क्लास १५, म्हणजे बाण लागायला फासा आणि बोनस मिळून किमान १५ हवेत. आर्चरी स्टाइल नसती तर माझा नेम +५ चा, म्हणजे शंभरात ५५ बाण लागले असते. स्टाइलमुळे +७, म्हणजे ६५. याच दहा टक्क्यांसाठी मी दोन आठवडे शीट खोडून खोडून बनवलं होतं. तिसऱ्या पायरीवर डिसअ‍ॅडव्हांटेजने त्या ६५ चे राहिले ४२. ती स्टाइल न शिकलेला पण पोटभर पाणी प्यायलेला धनुर्धारी माझ्याहून चांगला नेम धरत होता. हंटर्स मार्क लावला, पण लागलेल्याच बाणाला जास्त डॅमेज मिळतं, आणि बाण लागतच नव्हते. शार्पशूटरमध्ये नेमातून ५ वजा करून जास्त डॅमेज घेता येतं, त्याचा तर प्रश्नच उरला नाही.

खरा घात चालीने केला. फूट तीस, निम्मे झाले पंधरा. नॉल तीस फूट धावतात. रोगला पळता आलं नाही. मरणातून वाचायचा तिसरा फासा (डेथ सेव्ह) हुकला तेव्हा ताटातला फासा थांबेपर्यंत कूलरचा आवाज तेवढा येत होता. बहीण अकरावीत होती, चार महिने ते कॅरेक्टर खेळली होती, त्याचं चित्र तिने स्वतः काढलं होतं. तिने शीटची नीट चौघडी घातली आणि मला विचारलं, "दादा, तू रेंजर होतास ना?"

रागाने नाही, खरंच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. अजूनही देता येत नाही.

ज्या गावात मे महिन्यात तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय आणि खिशात कांदा टाकल्याशिवाय आई घराबाहेर पडू देत नाही, तिथला मुलगा मी. पाण्याची बाटली घेतल्याशिवाय बर्डीच्या बाजारात जात नाही. आणि कॅरेक्टरला पठारावर पाठवताना एक पिशवी पुरेल म्हणालो. कारण सरळ आहे : बोनस दिसतो. फासा टाकला की +७ मोठ्याने म्हणता येतं, सगळे ऐकतात. सर्व्हायव्हल जेव्हा काम करतं तेव्हा काहीच घडत नाही. तहान लागत नाही, वाट चुकत नाही, पाठीमागून कुणी येत नाही. न घडलेल्या गोष्टीचं कौतुक करायला कुणी टेबलावर बसलेलं नसतं.

म्हणून आता मी बोनसची किंमत अशी काढतो. +२ म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर दोन बाजू. दहा बाणांत एक जास्तीचा बाण लागतो, तोही माझा एकट्याचा. वाईट नाही, लढाई लांबली तर जाणवतो. पण पाणी सापडलं तर चौघांचे चारही शीट जसे लिहिलेत तसे लढाईपर्यंत पोचतात. २०२४ च्या नव्या पुस्तकात थकव्याचा नियम बदललाय, प्रत्येक पायरीला डी-२० च्या, म्हणजे वीस बाजूंच्या त्याच फाशाच्या, रोलमधून २ वजा. म्हणजे तिथेही एकाच पायरीत आख्खी आर्चरी स्टाइल पुसली जाते.

सर्व्हायव्हलची दुसरी बाजू मला टेबलावर नाही, मचाणावर कळली. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणी मोजतात, ते विदर्भात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवसांत रानातलं पाणी आटून थोड्याच जागी उरतं आणि चांदणं भरपूर असतं, म्हणून ती रात्र. पुढच्या वर्षी मी उमरेड-कऱ्हांडल्याला बसलो. रात्री उशिरा चितळांचा कळप आला, पण पाण्यापाशी नाही. झाडोऱ्याच्या कडेला थबकला. पुढची मादी एक पाय उचलून तशीच उभी, कान आमच्याकडे. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती एक पाऊल आली आणि परत थांबली. सोबतचे वनरक्षक काका कुजबुजले, "जनावर पाण्यावर सरळ नाही येत भाऊ. त्याले मालूम असते, इथं कोणीतरी बसून राहते."

तिथे मला लख्ख कळलं की पाणी कुठे आहे हे ज्याला कळतं, त्याला शत्रू कुठे येणार हेही कळतं. नंतरच्या मोहिमेत आम्ही गॉब्लिनांचा माग काढत ओढा गाठला, हळू चालीने, लपत, आणि तिथेच दबा धरला. ते बेसावध सापडले. २०१४ च्या नियमात बेसावध सापडलेल्याला पहिल्या पाळीत हलताही येत नाही आणि काही करताही येत नाही. चौघांचा आख्खा फेरा फुकट मिळाला. असा बोनस लढाईच्या कुठल्याही रकान्यात लिहिलेला नसतो.

आता उलट बाजूनेही बजावतो, नाहीतर हे वाचून कुणी विस्डम १६ आणि डेक्स्टेरिटी १२ घेऊन बसेल. तुमचा डीएम प्रवास दोन वाक्यांत उरकत असेल, "सात दिवसांनी तुम्ही शहरात पोचता" असं म्हणत असेल, तर सर्व्हायव्हल घेऊन तुम्ही वर्षभर हात चोळत बसाल. शहरातल्या गटारांत आणि वाड्यांत चालणारी मोहीम असेल तर बिनधास्त लढाईचं घ्या, मन खाऊ देऊ नका. हे शीटवरून ठरत नाही, डीएमला विचारून ठरतं. पाणी मोजणार का? प्रदेश कुठला? पहिल्या बैठकीआधी विचारा. विचारल्याने मजा जात नाही. जो डीएम एवढंही सांगायला तयार नाही, त्याच्या टेबलावर मी तरी बसणार नाही.

तयार बिल्डचे व्हिडिओ बघून कॅरेक्टर बनवू नका, हे माझं ठाम मत आहे. ते बनवणाऱ्याला तुमचं टेबल माहीत नसतं, तो फक्त एका फेऱ्यातलं डॅमेज मोजतो. स्वतःचं जुनं शीट तुमच्या हातात कोंबणारे सीनियरही तसलेच. आमच्या दादाने मला उत्तर दिलं नाही, एकच प्रश्न विचारला. तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्याहून जास्त मदत करायची त्याला गरज नव्हती.

गुडबेरी घेतली की सुटलो, असंही काही जण सांगतात. दहा बेऱ्या, एकीत एका माणसाचं दिवसभराचं पोषण. चांगलाच मंत्र आहे, मी घेतो. पण आमच्या टेबलावर त्यात पाणी धरत नाहीत, तुमच्या टेबलावर धरतात का ते विचारून घ्या. ड्रुइड किंवा क्लेरिक सोबत असेल तर क्रिएट वॉटर हा मंत्र एका स्लॉटमध्ये (एकदा टाकण्यात) दहा गॅलन देतो, मग तुम्ही निवांत धनुष्याकडे लक्ष द्या. एका माणसाने सगळं उचलायचं नसतं. चौघांत मिळून एकाकडे तरी असलं की पुरतं, आणि ते कुणाकडे आहे हे चौघांना माहीत हवं.

आणि चुकलाच असाल, शीट लढाईचंच बनलं असेल, तर घाबरू नका. खरंच सावरता येतं. वॉटरस्किन दोन चांदीच्या नाण्यांना मिळते. चार घेतल्या की उन्हाळ्यातल्या एका दिवसाचं पाणी झालं, वजन वीस पौंड. वेगाने जायचा मोह टाळा. थकवा चढलाच तर खाऊन-पिऊन घेतलेल्या प्रत्येक लाँग रेस्टला (रात्रभराच्या विश्रांतीला) एक पायरी उतरते, म्हणजे तीन पायऱ्यांना तीन रात्री. तेवढ्या रात्री थांबायची लाज वाटू देऊ नका. आम्ही थांबलो असतो तर हे लिहावं लागलं नसतं.

माझ्या आताच्या रेंजरचं विस्डम १४ आहे, सर्व्हायव्हलचा गोल भरलेला, म्हणजे +४. त्या पठारावर पाणी सापडण्याचे माझे शंभरात तीसचे पन्नास झाले असते. आर्चरी स्टाइल घेतलीच आहे, ती मी सोडणार नाही. शार्पशूटर चौथ्या लेव्हलला घेईन.

बहीण दीड महिना आली नाही. मग एका शनिवारी नवं शीट घेऊन आली, या वेळी ड्रुइड. चित्र होतंच. बसल्या बसल्या पेन्सिल काढून तिने सगळ्यांना विचारलं, "प्रत्येकाकडे किती गॅलन? लिहून घेते." फायटरवाला म्हणाला, एक पिशवी. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी त्याला एक्सप्लोरर्स पॅकचं पान उघडून दिलं.